विश्लेषण : हृदयाच्या धमन्यांत चरबी ठरावीक ठिकाणीच का साचते? रचनेचा धोक्याशी संबंध किती?

अँजिओग्राफीनंतर हाती येणाऱ्या अहवालात ‘एलएडीच्या सुरुवातीच्या भागात ७० टक्के ब्लॉकेज’ असे एखादे वाक्य असते. घरातील सगळ्यांची नजर आधी आकड्यावर जाते. ‘सुरुवातीच्या भागात’ या शब्दांकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. कोलेस्टेरॉल मात्र रक्ताबरोबर सगळ्याच धमन्यांतून फिरते. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि तंबाखू यांचा मारही सगळ्याच धमन्यांवर होतो. तरीही चरबीचे थर मोजक्या जागी, त्यातही फाट्यांवर आणि वळणांवर जमतात. असे का होते? धमन्यांची ठेवण जन्मजात असेल, तर हृदयविकारही जन्मजातच म्हणायचा का? लोहगड, विसापूर, राजमाची, कार्ल्याची एकवीरा अशा चढणीच्या ठिकाणी दर आठवड्याला हजारो पावले वळणाऱ्या मावळ-लोणावळा पट्ट्यासाठी हा केवळ पुस्तकी प्रश्न नाही. कारण धमनी कोणत्या जागी बंद होते, यावर रुग्णाच्या हाती किती वेळ उरतो हे बरेचसे ठरते.

हृदयाच्या धमन्यांची रचना कशी असते?

हृदयाच्या कप्प्यांतून दिवसभर रक्त वाहत असले, तरी त्याचा जाड स्नायू आपला प्राणवायू त्या रक्तातून थेट घेत नाही. त्यासाठी कोरोनरी धमन्यांची स्वतंत्र व्यवस्था असते. महाधमनी जिथे सुरू होते तिथेच, झडपेच्या लगेच वर, उजवी आणि डावी अशा दोन धमन्या फुटतात. डाव्या धमनीच्या सुरुवातीच्या एक-दोन सेंटिमीटरच्या तुकड्याला ‘लेफ्ट मेन’ म्हणतात. त्याला पुढे दोन मोठे फाटे फुटतात. हृदयाच्या पुढच्या भागावरून टोकाकडे उतरणारा फाटा म्हणजे एलएडी, तर डावीकडून वळसा घेत मागे जाणारा फाटा म्हणजे सर्कमफ्लेक्स. काही जणांत या दोहोंच्या मधोमध तिसरा फाटाही असतो.

या धमन्या किती बारीक असतात? निरोगी धमन्यांच्या अँजिओग्राफीवरून १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार लेफ्ट मेनचा व्यास सरासरी साडेचार मिलिमीटर, एलएडीचा सुरुवातीला ३.७ मिलिमीटर आणि टोकाकडे १.९ मिलिमीटर असतो. म्हणजे एलएडी सुरुवातीला बॉलपेनच्या रिफिलपेक्षा किंचित जाड असते.

या धमन्यांची आणखी दोन वैशिष्ट्ये आहेत. हृदय आकुंचन पावते तेव्हा त्याचा स्नायू आतल्या वाहिन्या दाबून धरतो. त्यामुळे विशेषतः डाव्या धमनीत बहुतेक रक्त हृदय सैल पडते त्या क्षणी वाहते. दुसरे म्हणजे, या धमन्या हृदयाच्या पृष्ठभागावर असल्याने प्रत्येक ठोक्याला वाकतात आणि ताणल्या जातात. हे दिवसाला सुमारे एक लाख वेळा होते.

चरबी नेमकी कुठे साचते?

कुर्वंडे परिसरात उगम पावून कार्ला, कामशेतमार्गे देहू-आळंदीकडे जाणाऱ्या इंद्रायणीच्या एखाद्या वळणावर पाऊस ओसरल्यावर पाहिले, तर याचा अंदाज येतो. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाण्याचा जोर असतो, तिथे काठ खरवडला जातो. आतल्या काठाला पाणी मंद असते, तिथे गाळ आणि वाळू बसते.

धमनीतही प्रवाहाचा वेग सगळीकडे सारखा नसतो. वळणाच्या आतल्या बाजूला रक्त भिंतीलगत मंद होते. फाटा फुटतो तिथे दोन शाखांच्या मधल्या टोकावर रक्त जोरात आपटते आणि ती जागा बरीचशी स्वच्छ राहते. त्याच्या समोरच्या, म्हणजे शाखांच्या बाहेरच्या भिंतींवर मात्र प्रवाह रेंगाळतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला तो क्षणभर पुढे सरकतो आणि क्षणभर मागे येतो. चरबीचे थर प्रामुख्याने अशा जागी दिसतात. एलएडी, सर्कमफ्लेक्स आणि उजवी धमनी या तिन्हींत सुरुवातीचा भाग अधिक बाधित होतो. एलएडीचा झटका अधिक घातक ठरण्यामागे हेच एक कारण आहे. फाटा तिथेच आहे आणि अडथळ्यापुढचा मोठा स्नायूही तिच्यावरच अवलंबून आहे.

मग हा नळात साचणारा गाळच का?

नाही. नदीची उपमा प्रवाहापुरती ठीक आहे, त्यापुढे ती फसवी आहे. चरबी धमनीच्या पोकळीत वरून थापली जात नाही, ती भिंतीच्या आत साठते. धमनीला आतून जेमतेम एका पेशीच्या जाडीचे अस्तर असते. रक्त वाहताना या अस्तरावर घर्षणाचा ताण पडतो. पेशी तो ताण ओळखतात आणि त्यानुसार वागतात.

ताण पुरेसा आणि एका दिशेने असेल, तर पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन नीट जुळून बसतात. त्या नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. हा वायू धमनीला सैल ठेवतो, गुठळी होऊ देत नाही आणि दाहही आटोक्यात ठेवतो. रक्ताभिसरणातील त्याची भूमिका उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. प्रवाह मंद आणि उलटसुलट असेल, तर पेशींची ही घडी विस्कटते. नायट्रिक ऑक्साइड कमी पडते, अस्तर गळके होते आणि ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एलडीएलचे कण भिंतीत शिरून अडकतात. त्यांना गिळण्यासाठी पांढऱ्या पेशी येतात आणि चरबीने फुगून तिथेच राहतात. वर्षानुवर्षे हे सुरू राहिले की त्यावर तंतूंची टोपी तयार होते, कालांतराने कॅल्शियमही जमा होते. यालाच प्लाक म्हणतात आणि या संपूर्ण प्रक्रियेला अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस.

ही सुरुवात म्हातारपणी होत नाही. कोरियन युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. सैनिकांचे सरासरी वय २२ होते आणि ७७ टक्क्यांच्या कोरोनरी धमन्यांत या आजाराच्या खुणा सापडल्या होत्या.

प्रवाहाचा हा संबंध कसा उलगडला?

सुरुवातीला अनेकांचा अंदाज उलटा होता. जिथे रक्त जोरात आपटते तिथे भिंतीला इजा होऊन चरबी साचत असावी, असे मानले जाई. १९६९ मध्ये कॅरो, फिट्झगेराल्ड आणि श्रोटर या लंडनच्या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात याच्या नेमके विरुद्ध मत मांडले. चरबी साचते ती घर्षण कमी असलेल्या जागी, असे त्यांनी दाखवले. १९९० मध्ये असाकुरा आणि कारिनो यांनी शवविच्छेदनातून मिळालेल्या मानवी कोरोनरी धमन्या रासायनिक प्रक्रियेने पारदर्शक केल्या आणि त्यांतून द्रव वाहवून प्रवाहाचे चित्रण केले. मंद आणि भोवऱ्यासारख्या प्रवाहाच्या जागा व चरबीच्या जागा जुळल्या.

हे ताण किती सूक्ष्म असतात, हे आकड्यांतून लक्षात येते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार भिंतीवरील घर्षणाचा ताण सुमारे दीड पास्कलच्या वर असेल, तर अस्तर निरोगी राहते. तो ०.४ पास्कलच्या खाली गेला, तर चरबी साचण्यास अनुकूल स्थिती तयार होते. तुलनेसाठी, रक्तदाबमापकावरचा १२० हा आकडा म्हणजे सुमारे १६ हजार पास्कल. म्हणजे भिंतीला आतून रेटणाऱ्या दाबाच्या साधारण दहा हजाराव्या हिश्श्याइतके घर्षण पेशींना ‘सगळे ठीक आहे’ असे सांगत असते.

माणसामाणसांतल्या रचनेच्या फरकाने धोका बदलतो का?

काही प्रमाणात बदलतो. एलएडी आणि सर्कमफ्लेक्स यांच्यातील कोन सगळ्यांत सारखा नसतो. सीटी अँजिओग्राफीवर आधारित अनेक अभ्यासांत हा कोन जितका रुंद, तितका फाट्याजवळ प्लाक अधिक आढळला आहे. रुंद कोनात बाहेरच्या भिंतींवर प्रवाह अधिक रेंगाळतो, हे संगणकीय प्रारूपांतही दिसते. मात्र हा संबंध सांख्यिकी आहे. केवळ कोन मोजून कोणाला झटका येईल हे सांगता येत नाही.

दुसरा फरक ‘वर्चस्वा’चा. हृदयाच्या मागच्या-खालच्या भागाला रक्त पुरवणारी शाखा सुमारे ८० ते ८५ टक्के लोकांत उजव्या धमनीतून निघते. थोड्या लोकांत ती डाव्या बाजूने येते, तर काहींत दोन्हीकडून. त्यामुळे प्लाक होण्याची शक्यता फारशी बदलत नाही. पण डाव्या वर्चस्वाच्या माणसात लेफ्ट मेन बंद पडली, तर हृदयाच्या डाव्या कप्प्याचा जवळपास सगळाच स्नायू उपाशी राहतो.

तिसरा फरक सर्वांत बोलका आहे. काही लोकांत एलएडीचा एखादा तुकडा पृष्ठभागावरून न जाता स्नायूखालून जातो. त्याला ‘मायोकार्डियल ब्रिज’ म्हणतात. या पुलाखालच्या तुकड्यात प्लाक क्वचितच आढळतो, पण पुलाच्या अलीकडच्या तुकड्यात तो वारंवार दिसतो. माणूस तोच, रक्त तेच आणि कोलेस्टेरॉलही तेवढेच. तरीही दोन-तीन सेंटिमीटरच्या अंतरात एक भाग स्वच्छ आणि एक भाग बाधित. जागेचा प्रभाव दाखवणारे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे अवघड.

भारतीयांच्या धमन्या बारीक असतात म्हणून झटके लवकर येतात का?

हा समज फार पसरला आहे. भारतीयांच्या धमन्यांचा व्यास सरासरी कमी भरतो, हे खरे. पण शरीराचा आकार लक्षात घेऊन तुलना केली, तेव्हा अनेक अभ्यासांत हा फरक जवळपास नाहीसा झाला. बारीक धमनीत स्टेंट बसवणे किंवा बायपासचे टाके घालणे कठीण जाते, पण आजार होण्याचे ते मुख्य कारण नव्हे.

खरे कारण शोधण्यात महाराष्ट्रातील डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा पुरुषांतील ९० टक्के आणि स्त्रियांतील ९४ टक्के धोका नऊ घटकांशी जोडता येतो, असे त्यात दिसले. धूम्रपान, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा वाढलेला घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव आणि व्यायामाचा अभाव हे त्यांतील प्रमुख. याच अभ्यासातील दक्षिण आशियाई लोकांची माहिती नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडली. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत तो ५८.८ व्या वर्षी येतो. हा सुमारे सहा वर्षांचा फरक प्रामुख्याने हेच घटक कमी वयात वाट्याला येत असल्यामुळे पडतो, असे त्यांना आढळले.

पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणखी एक बाजू उघड केली. ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारीशेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा बीएमआय २२.३ असा अगदी सारखा होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. काटक दिसणारा माणूस निर्धोक असतो, हा समज त्या एका छायाचित्राने खोडून काढला. मावळात शेतीची अंगमेहनत सोडून तळेगाव-चाकण पट्ट्यातील कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्या पिढीने ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. वजन तेवढेच राहिले, तरी पोटाचा घेर वाढू शकतो. तंबाखू म्हणजे केवळ विडी-सिगारेट नव्हे. मळलेली तंबाखूही त्यात आली आणि अनेक घरांत दात घासण्यासाठी वापरली जाणारी मिश्रीही.

थोडक्यात, चरबी कुठे साचणार हे धमनीची ठेवण ठरवते. ती साचणार की नाही आणि किती वेगाने, हे रक्तातील चरबी, साखर, दाब आणि तंबाखू ठरवतात. फाटे आणि वळणे सगळ्यांनाच असतात, झटका सगळ्यांना येत नाही.

‘७० टक्के ब्लॉकेज’चा अर्थ काय?

अहवालातील टक्केवारी सहसा व्यासाची असते, क्षेत्रफळाची नव्हे. व्यास ५० टक्के कमी झाला, तर रक्त जाण्याची जागा ७५ टक्क्यांनी घटते. व्यास ७० टक्के कमी झाला, तर ९१ टक्क्यांनी. म्हणूनच ५० टक्क्यांवर अनेकांना काहीच जाणवत नाही आणि ७० टक्क्यांच्या आसपास चढ चढताना छाती भरून येऊ लागते.

पण कमी टक्केवारी म्हणजे निर्धोक, असे नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ सेमूर ग्लागोव्ह यांनी १९८७ मध्ये लेफ्ट मेन धमन्यांचा अभ्यास करून दाखवले की, प्लाक वाढू लागला की धमनी बाहेरच्या बाजूने फुगते. प्लाकने सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत आतली वाट तशीच राहते. या काळात ईसीजी आणि ट्रेडमिल चाचणीही निर्दोष येऊ शकते. अशा प्लाकची पातळ टोपी अचानक फाटली, तर त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि काही मिनिटांत धमनी बंद होते. कालपर्यंत धडधाकट असलेल्या माणसाला झटका येतो तो अनेकदा असा.

जागेवरून उपचार बदलतात का?

बदलतात. लेफ्ट मेनचे महत्त्व समजण्यासाठी खंडाळा घाट आठवावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग घाटात काही अंतर एकत्र येतात आणि पुढे वेगळे होतात. वेगळे झाल्यानंतर एका रस्त्यावर कोंडी झाली, तर दुसरा सुरू राहतो. सामाईक तुकड्यात ट्रक आडवा झाला, तर दोन्ही रस्ते थांबतात. लेफ्ट मेन हा हृदयाचा असा सामाईक तुकडा आहे. हा घाट टाळण्यासाठी ‘मिसिंग लिंक’ आखावा लागला. बायपास शस्त्रक्रियेचे तत्त्वही तेच, अडथळ्याच्या पुढे नवी वाट जोडायची.

इथेही जागेचा नियम दिसतो. बायपाससाठी छातीच्या आतल्या बाजूची जी धमनी वापरतात, तिच्यात अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस क्वचितच होतो. ती बरीचशी सरळ असते, तिला मोठे फाटे कमी असतात आणि तिचे अस्तरही चिवट असते. एलएडीला जोडलेल्या अशा दहापैकी नऊहून अधिक धमन्या दहा वर्षांनंतरही सुरू असल्याचे आढळले आहे. पायाच्या शिरांच्या बाबतीत हे प्रमाण बरेच कमी असते.

स्थिर आजारात, म्हणजे झटका आलेला नसताना, प्रत्येक ब्लॉकेजला स्टेंट लागतोच असे नाही. पाच हजारांहून अधिक रुग्णांवरील ‘इस्किमिया’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. औषधांसोबत सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू किंवा झटक्यांचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. छातीतले दुखणे मात्र अधिक कमी झाले. महत्त्वाची अट अशी की, लेफ्ट मेनमध्ये मोठा अडथळा असलेल्यांना या चाचणीत घेतलेच नव्हते. म्हणजे ‘शेजाऱ्याला औषधांवर ठेवले, मग आम्हाला शस्त्रक्रिया का,’ या प्रश्नाचे उत्तर अनेकदा टक्केवारीत नसून जागेत असते. प्रत्यक्ष झटका आलेला असताना हे लागू होत नाही. तिथे बंद धमनी लवकरात लवकर उघडणे हाच उपचार.

कोणत्या तपासण्या कराव्यात?

धडधाकट माणसाने धमन्यांचा कोन किंवा ठेवण पाहण्यासाठी सीटी अँजिओग्राफी करून घेण्याची गरज नाही. आधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि पोटाचा घेर पाहावा. लायपोप्रोटीन-ए हा आनुवंशिक घटक आयुष्यात एकदा तपासावा, अशी शिफारस अलीकडे केली जाते. घरात कमी वयात झटक्याचा इतिहास असेल, तर ती विशेष उपयोगी. धोका मध्यम असेल आणि औषध सुरू करावे की नाही अशी शंका असेल, तर कॅल्शियम स्कोअरची मदत होते. पण तरुणांत प्लाक मऊ असू शकतो आणि त्यात कॅल्शियम नसते, त्यामुळे शून्य स्कोअर ही हमी नव्हे.

छातीत दुखत असेल, तर गोष्ट वेगळी. स्कॉटलंडमधील ४,१४६ रुग्णांच्या ‘स्कॉट-हार्ट’ चाचणीत नेहमीच्या तपासण्यांना सीटी अँजिओग्राफीची जोड दिली. पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण ३.९ वरून २.३ टक्क्यांवर आले. यामागचे मोठे कारण म्हणजे प्लाक दिसल्यामुळे योग्य रुग्णांना प्रतिबंधक औषधे मिळाली.

योगाने ब्लॉकेज जातात का?

लोणावळ्यात हा प्रश्न हमखास निघतो. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाच्या परिणामांची प्रयोगशाळेत मोजमापे घेण्याची परंपरा सुरू केली. त्यानंतरच्या काळातील मोठा पुरावा ‘योग-केअर’ चाचणीतून आला. देशातील २४ केंद्रांवर झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर ती झाली. योगावर आधारित पुनर्वसनामुळे रुग्णांना अधिक बरे वाटले आणि नेहमीच्या कामांकडे परतणे सोपे गेले. मृत्यू किंवा पुढील झटक्यांत मात्र ठोस फरक सिद्ध झाला नाही. रक्तदाब, ताण आणि सवयी यांवर योगाचा उपयोग होतो. पण तो औषधांच्या जोडीला असावा, त्यांच्या जागी नव्हे.

गड चढताना काय लक्षात ठेवावे?

लोणावळ्याची उंची समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, तर लोहगडाची हजार मीटरहून थोडी अधिक आहे. या उंचीवर विरळ हवेचा त्रास होत नाही, प्रश्न चढणीच्या श्रमाचा आहे. अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जोरकस श्रमानंतरच्या तासाभरात झटक्याची शक्यता एरवीच्या तुलनेत वाढते. आठवड्यात पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत ही वाढ २.४ पट होती. एकदाही धड व्यायाम न करणाऱ्यांत ती १०७ पट होती. आठवडाभर खुर्चीत बसून शनिवारी थेट गडाची वाट धरणारा माणूस दुसऱ्या गटात येतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा तंबाखूची सवय असलेल्यांनी आधी काही आठवडे रोज चालण्याचा सराव करावा.

चढताना छातीवर दडपण, जबडा-खांदा-हात किंवा पाठीत कळ, थंड घाम, अचानक दम लागणे यांपैकी काहीही झाले, तर तिथेच बसावे. स्त्रियांत आणि मधुमेहींत छातीत न दुखता केवळ मळमळ किंवा थकवा असू शकतो. ‘पित्त झाले असेल’ म्हणत पाणी पिऊन पुढे चालणे किंवा स्वतः पायी खाली उतरणे धोक्याचे. सोबत्यांनी लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लोणावळा परिसरात डोंगरातून लोकांना सोडवून आणण्यासाठी ‘शिवदुर्ग मित्र’सारखे स्थानिक बचाव पथकही आहे. माणूस बेशुद्ध पडून श्वास थांबला, तर छातीच्या मध्यभागी जोरात आणि वेगाने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहावे.

पुढचा निर्णय वेळेचा आहे. आधी ईसीजी काढता येईल अशा सर्वांत जवळच्या रुग्णालयात पोहोचावे. झटक्याचे निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होण्याजोगी असेल, तर तीच उत्तम. घाटातील कोंडी, पाऊस किंवा अंतर यांमुळे ते जमणार नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या रुग्णालयातच तातडीने देऊन रुग्णाला पुढे हलवले जाते. ‘थेट पुण्यालाच नेऊ’ असा आग्रह धरून ईसीजीशिवाय तासभर प्रवास करणे महागात पडू शकते. एलएडी सुरुवातीलाच बंद झाली असेल, तर या प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो आणि तो पुन्हा तयार होत नाही.